दुसऱ्या वर्षात आलेली विद्यार्थिनी आणि ओईच्या आठ क्रेडिटचा हिशेब

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्यातल्या एका संलग्न कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला एक विद्यार्थिनी आली. वडिलांची बदली झालेली, घर वाघोलीला, मेजर म्हणजे मुख्य विषय वनस्पतीशास्त्र. पहिलं वर्ष दुसऱ्या विद्यापीठाच्या एका स्वायत्त कॉलेजात पूर्ण केलेलं, ४४ पैकी ४४ क्रेडिट मिळवलेले, बॅकलॉग एकही नाही. तिचा प्रश्न ओईबद्दल, म्हणजे ओपन इलेक्टिव्ह या निवडीच्या विषयाबद्दल होता, आणि साधा होता: ‘‘मॅडम, ओईमध्ये कोणता विषय घेऊ? मैत्रीण म्हणते वित्तीय साक्षरता स्कोअरिंग आहे.’’

प्रश्न साधा असला तरी उत्तर द्यायला तीन आठवडे लागले. तेवढे लागायलाच हवे होते. ट्रान्सफरवाल्या मुलांचं सत्र वाया जातं ते बहुतेक वेळा मेजरच्या विषयात जात नाही. मेजरकडे विभागप्रमुखांचं लक्ष असतं. गळती होते ती ओपन इलेक्टिव्ह, भाषा, मूल्यशिक्षण, एनएसएस अशा दोन-दोन क्रेडिटच्या विषयांत. त्यांना स्वतःचा असा वाली नसतो.

हे प्रकरण एकसारख्या काही अर्जांचे तपशील जुळवून मांडलं आहे. क्रेडिटचे आकडे नमुन्याचे आहेत. ताळा करताना स्वतःच्या कॉलेजचा चालू वर्षाचा आराखडाच समोर ठेवावा.

दोन आराखडे, एकच पदवी

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीचा आराखडा ठरवणारा राज्याचा शासन निर्णय २० एप्रिल २०२३ ला निघाला. स्वायत्त कॉलेजांनी २०२३-२४ पासून तो लागू केला, संलग्न कॉलेजांची पाळी पुढच्या वर्षी आली. मधल्या काळात, मार्च २०२४ मध्ये, आराखड्यात सुधारणा झाली. परिणाम असा की एकाच राज्यात, एकाच नावाच्या पदवीला, पहिल्या वर्षाच्या दोन वेगळ्या मांडण्या चालू राहिल्या. मुलांना हे ठाऊक नसतं. प्रवेशाच्या खिडकीवरही पुष्कळदा ठाऊक नसतं.

तिच्या आधीच्या कॉलेजात मेजर पहिल्या सत्रापासूनच ठरलेला होता. वर्षभरात मेजरचे १२ क्रेडिट, मायनर म्हणजे दुय्यम विषय म्हणून रसायनशास्त्राचे २, ओईचे ८, व्हीएससी म्हणजे मेजरशी जोडलेल्या व्यावसायिक कौशल्याचे ४, एसईसी म्हणजे कौशल्यवाढीचे ४, एईसी म्हणजे भाषेचे ४, व्हीईसी म्हणजे मूल्यशिक्षणाचे ४, भारतीय ज्ञान प्रणालीचे २ आणि सहअभ्यासक्रमाचे, म्हणजे सीसीचे, ४. बेरीज ४४.

पुण्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षी तीन विषय समान वजनाने शिकायचे, प्रत्येकी ८ क्रेडिट, आणि मेजर-मायनर दुसऱ्या वर्षात ठरवायचा. त्याशिवाय ओई फक्त ४, एसईसी ४, भाषा ४, मूल्यशिक्षण ४, ज्ञान प्रणाली २, सीसी २. व्हीएससी पहिल्या वर्षी नाहीच. याचीही बेरीज ४४.

बेरीज दोन्हीकडे तीच, म्हणूनच घोळ होतो. ‘४४ झालेत ना, मग घ्या दुसऱ्या वर्षात’ असं म्हणून फाइल पुढे सरकते आणि सहाव्या सत्राच्या निकालात गुणपत्रिका अडकते. पदवी देताना विद्यापीठ एकूण बेरजेबरोबर प्रत्येक व्हर्टिकलचा, म्हणजे मेजर, ओई, भाषा अशा प्रत्येक गटाचा, रकाना भरला आहे की नाही हेही बघतं. एका रकान्यात जास्त आणि दुसऱ्यात कमी असेल, तर जास्तीचं आपोआप कमतरतेत वळत नाही.

तिच्या बाबतीत ओईत ४, सीसीत २, व्हीएससीत ४ आणि मेजरमध्ये ४ असे १४ क्रेडिट जास्तीचे होते. रसायनशास्त्रात ६ आणि कधीच न घेतलेल्या तिसऱ्या विषयात, प्राणिशास्त्रात, ८ असे १४ कमी होते.

ओईचे आठ, त्यातले सहा

पुण्याच्या या कॉलेजात तीन वर्षांत ओईचे एकूण ८ क्रेडिट लागतात: पहिल्या वर्षी ४, तिसऱ्या सत्रात २, चौथ्यात २. तिच्याकडे ८ आधीच होते. म्हणून तिचा पुढचा प्रश्न रास्तच होता, ‘‘मग मला परत ओई कशाला?’’

गुणपत्रिकेवर चार पेपर होते: वैयक्तिक अर्थनियोजन, पर्यटन आणि वारसा स्थळे, जाहिरातलेखन, आहार आणि पोषण. नुसत्या नावांवरून ठरवायचं नसतं. २०२३ च्या शासन निर्णयात स्पष्ट आहे की ओई मेजरच्या विद्याशाखेबाहेरचाच असला पाहिजे. मेजर वनस्पतीशास्त्र, म्हणजे विज्ञान विद्याशाखा. पहिला पेपर वाणिज्यचा, दुसरा-तिसरा मानव्यविद्येचा. त्यांना अडचण नाही. चौथा आधीच्या कॉलेजने आंतरविद्याशाखीय बास्केटमध्ये, म्हणजे पेपरांच्या यादीत, टाकला होता, पण सिलॅबसच्या पहिल्या पानावर प्राणिशास्त्र विभाग आणि विज्ञान विद्याशाखा असं छापलेलं. आधीचे क्रेडिट इथे धरायचे की नाही हे ठरवणाऱ्या समकक्षता समितीने तो ओई म्हणून धरला नाही. आठाचे सहा झाले.

समितीने उगाच खुसपट काढलं, असं इथे मुलांना आणि पालकांना वाटतं. पण हा पेपर तिथल्या तिथे डोळेझाक करून मान्य केला असता, तर विद्यापीठाच्या पातळीवर तो निघालाच असता, आणि तेव्हा ओई घ्यायला सत्रच उरलं नसतं. पहिल्याच आठवड्यात नाही म्हटलेलं बरं.

यात कामी आला तो सिलॅबस. नुसती गुणपत्रिका घेऊन येणाऱ्या मुलांच्या बाबतीत समिती काहीही ठरवू शकत नाही, कारण गुणपत्रिकेवर पेपरचं नाव आणि कोड असतो. विद्याशाखा, तास आणि घटक नसतात. आधीचं कॉलेज सोडतानाच प्रत्येक दोन क्रेडिटच्या पेपरचा सिलॅबस त्या वर्षाच्या पॅटर्नचा, प्राचार्यांच्या किंवा विभागाच्या शिक्क्यासह घ्यावा. संकेतस्थळावरून नंतर उतरवलेली प्रत बऱ्याचदा सुधारित निघते, घटक बदललेले असतात आणि पेपर कोड जुळत नाही.

विषम सत्र, सम सत्र

आता २ क्रेडिटचा एक ओई घ्यायचा उरला. तिसऱ्या सत्रात घ्यावा की चौथ्यात? मुलांचा कल लगेच घ्यायचा असतो: आत्ता यादी उघडी आहे, आत्ता मैत्रिणी त्याच वर्गात आहेत. इथे ते चुकीचं ठरलं असतं, आणि त्याचं कारण ओईत नसून रसायनशास्त्रात होतं.

रसायनशास्त्र तिचा मायनर. पाया कच्चा ठेवून मायनर देता येत नाही, म्हणून ६ क्रेडिट भरून काढायला समितीने सांगितले. त्यातले ४ पहिल्या सत्राच्या पेपरचे, २ थिअरीचे आणि २ प्रात्यक्षिकाचे. उरलेले २ दुसऱ्या सत्राच्या प्रात्यक्षिकाचे, कारण दुसऱ्या सत्राची थिअरी तिने आधीच्या कॉलेजात मायनर म्हणून केलेली होती. पहिल्या सत्राचा पेपर विषम सत्रातच शिकवला जातो, म्हणजे जुलै ते नोव्हेंबर. दुसऱ्या सत्राचा डिसेंबरनंतर. यात निवडीला वाव नाही.

तिसऱ्या सत्राचा नेहमीचा बोजा २२ क्रेडिटचा: मेजर ६, व्हीएससी २, मेजरशी संबंधित ज्ञान प्रणाली २, फील्ड प्रोजेक्ट २, मायनर ४, ओई २, भाषा २, सीसी २. आधीच्या कॉलेजातले व्हीएससीचे ४ क्रेडिट दुसऱ्या वर्षाच्या दोन्ही सत्रांत २-२ असे वळते झाले. ओई पुढे ढकलला. राहिले १८, त्यात रसायनशास्त्राचे ४ मिळवून २२. चौथ्या सत्रात मेजर ६, समाजसंपर्क प्रकल्प २, मायनर ४, ओई २, एसईसी २, भाषा २, सीसी २ असे २० आणि रसायनशास्त्राचं प्रात्यक्षिक २, परत २२. ओई तिसऱ्या सत्रात घेतला असता तर ते सत्र २४ चं आणि चौथं २० चं झालं असतं.

आकड्यांपेक्षा वेळापत्रक जास्त बोलकं होतं. पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्राचं प्रात्यक्षिक गुरुवारी १२ ते ४. दोन क्रेडिटचं प्रात्यक्षिक म्हणजे ६० तास, पंधरा आठवडे, आठवड्याला सलग चार तास. दुसऱ्या वर्षाच्या ओईचा सामायिक स्लॉट गुरुवार-शुक्रवार दुपारी ३ ते ४. गुरुवारचा तो एक तास दोन्हीकडे. ओईचा स्लॉट सगळ्या शाखांना एकच असल्यामुळे तो कुणा एकासाठी हलत नाही. प्रात्यक्षिकाची बॅच बदलून मिळते, पण शनिवारची बॅच आधीच भरलेली होती. ओई चौथ्या सत्रात गेल्यावर गुरुवार मोकळा झाला.

त्यासाठी पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाची वेळापत्रकं एका कागदावर एकावर एक मांडावी लागतात. ईआरपी, म्हणजे कॉलेजची संगणक प्रणाली, हे करत नाही. तो विद्यार्थ्याला एकाच वर्षाचं वेळापत्रक दाखवतो.

भाषेचं कोडं

एईसीचे ८ क्रेडिट दोन्हीकडे सारखेच, म्हणून इकडे कुणी फिरकत नाही. पण पुण्याच्या कॉलेजात पहिलं वर्ष इंग्रजी २+२ आणि दुसरं वर्ष मराठी, हिंदी किंवा संस्कृत २+२. तिच्या आधीच्या कॉलेजात पहिल्या सत्रात इंग्रजी आणि दुसऱ्यात मराठी झालेलं. म्हणजे इंग्रजीचे २ कमी, मराठीचे २ जास्त.

नेहमीप्रमाणे दुसऱ्या वर्षात दोन्ही सत्रं मराठी घेतली असती, तर भाषेचे ८ भरले असते. पण इंग्रजी २, मराठी ६. पडताळणीत हे अडकतं. मार्ग असा निघाला: तिसऱ्या सत्रात मराठी, चौथ्या सत्रात मराठीऐवजी पहिल्या वर्षाच्या वर्गात बसून दुसऱ्या सत्राचं इंग्रजी. इथेही सत्र सम की विषम यावरच सगळं ठरलं. तिसऱ्या सत्रात इंग्रजी घ्यायचं म्हटलं तरी ते शिकवलंच जात नाही.

मूल्यशिक्षणात पर्यावरण आणि राज्यघटना असे दोन पेपर दोन्हीकडे जुळले. ज्ञान प्रणालीही जुळली. तिथे वेळ घालवायची गरज नव्हती.

एनएसएस सोडू नये

सीसीमध्ये तिच्याकडे २ जास्तीचे होते, म्हणून दुसऱ्या वर्षात एका सत्रात सीसी सोडून द्यावा, असा सल्ला तिला वर्गातून मिळाला. क्रेडिटच्या हिशेबाने तो बरोबर होता. पण तिचा सीसी म्हणजे एनएसएस. एनएसएसचं प्रमाणपत्र दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं विशेष शिबिर पूर्ण झाल्यावर मिळतं. पहिल्या वर्षाचे १२० तास झालेले असताना एक सत्र सोडलं, की क्रेडिट राहतात आणि प्रमाणपत्र जातं. आधीच्या युनिटच्या कार्यक्रम अधिकाऱ्याचं तासांचा उल्लेख असलेलं पत्र आणून इथल्या युनिटमध्ये नाव घातलं. पत्रात नुसतं ‘स्वयंसेवक होती’ असं असेल तर उपयोग नाही, तास लिहिलेले हवेत.

कागद आणि एबीसी

टीसी, मायग्रेशन म्हणजे विद्यापीठ बदलल्याचं प्रमाणपत्र, आधीच्या दोन्ही सत्रांच्या गुणपत्रिका, शिक्क्याचे सिलॅबस, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, आणि एलिजिबिलिटीचा म्हणजे पात्रतेचा अर्ज. मायग्रेशन विद्यापीठ देतं, कॉलेज नाही. त्याला वेळ लागतो, म्हणून तो अर्ज पुण्यात येण्याआधी टाकावा. मायग्रेशन आलं नाही म्हणून वर्गात बसू नये असं नाही. हंगामी प्रवेशावर हजेरी सुरू करता येते. उशिरा आलेल्या मुलांची खरी हानी अंतर्गत गुणांत होते. या कॉलेजात २ क्रेडिटचा पेपर ५० गुणांचा, त्यात १५ अंतर्गत आणि ३५ सत्रअखेर. ऑगस्टच्या शेवटी पहिली चाचणी झालेली असते.

अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे एबीसी, हे खातं डिजिलॉकरमधून उघडतं आणि त्याला १२ अंकी क्रमांक मिळतो. मुलांचा समज असा की खातं उघडलं म्हणजे क्रेडिट आले. खात्यात क्रेडिट विद्यार्थी भरत नाही, नवं कॉलेजही भरत नाही. ज्या विद्यापीठाने किंवा स्वायत्त कॉलेजने परीक्षा घेतली तेच भरतं. तिच्या खात्यात पहिलं सत्र दिसत होतं, दुसरं नव्हतं. कारण नावात निघालं. दहावीच्या गुणपत्रिकेवर आपल्याकडे आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव आधी, आडनाव शेवटी. पहिल्या सत्राचा परीक्षा अर्ज गुणपत्रिकेप्रमाणे भरला होता. दुसऱ्या सत्राच्या अर्जात तिने स्वतः आधारप्रमाणे बदल केला आणि दोन्ही नोंदी एकमेकींशी जुळेनात. दुरुस्ती परीक्षा घेणाऱ्या आधीच्या संस्थेच्या परीक्षा विभागातूनच होते. ईमेल पाठवताना पीआरएन म्हणजे विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक, एबीसी क्रमांक, दोन्ही गुणपत्रिका आणि आधारची प्रत एकाच पीडीएफमध्ये जोडली की फेऱ्या वाचतात.

एबीसीच्या २०२१ च्या नियमांत आणखी एक अट आहे, ती ट्रान्सफरवाल्यांनी ध्यानात ठेवावी: पदवी देणाऱ्या संस्थेतून निदान निम्मे क्रेडिट मिळवलेले असले पाहिजेत. दुसऱ्या वर्षात आलेल्याला त्याची काळजी नाही. तिसऱ्या वर्षात येऊ पाहणाऱ्याला आहे.

विषयाची निवड

आता कुठे तिचा मूळ प्रश्न आला. चौथ्या सत्राच्या बास्केटमध्ये विज्ञानवाल्यांसाठी वित्तीय साक्षरता, जीएसटीची ओळख, मोडी लिपी, पत्रकारितेची ओळख असे पेपर होते.

वित्तीय साक्षरता बाद. तिच्या झालेल्या वैयक्तिक अर्थनियोजनाचा सिलॅबस शेजारी ठेवला तर बचत, विमा, म्युच्युअल फंड, आयकर हे घटक जसेच्या तसे. एकाच मजकुराचे क्रेडिट दोनदा मोजले जात नाहीत. पेपर पास होऊनही तो मोजला गेला नसता. मैत्रिणीचा सल्ला मैत्रिणीसाठी ठीक होता, तिचा तो पहिलाच अर्थविषयक पेपर.

जीएसटीत गणितं सोडवायची, सराव लागतो. चौथ्या सत्रात रसायनशास्त्राचं प्रात्यक्षिक आणि समाजसंपर्क प्रकल्प दोन्ही असताना ते जड गेलं असतं. मोडी आणि पत्रकारिता यांत फरक अंतर्गत गुणांच्या पद्धतीचा. पत्रकारितेत बातमी गोळा करायला बाहेर फिरायचं, मोडीत वर्गात बसून दर आठवड्याला लिप्यंतर. वाघोलीहून नगर रस्त्याने ये-जा करणाऱ्या मुलीला शनिवार-रविवारचं फिरणं परवडणारं नव्हतं. तिने मोडी घेतली. वनस्पतीशास्त्राला मोडीचा काय उपयोग, असं विचारणारे भेटतात. ओई मुळात विद्याशाखेबाहेरचाच घ्यायचा असतो, आणि पेशवे दफ्तराच्या शहरात मोडी वाचता येणं वाया जाणारं नाही.

निवड करताना आधी कोणता पेपर रकाना भरतो, मग कोणता झालेल्याशी भिडत नाही, मग स्लॉट, मग अंतर्गत मूल्यमापन, आणि आवड शेवटी, असा क्रम ट्रान्सफरवाल्यांना लावावा लागतो. आवड आधी धरायची चैन पहिल्या सत्रापासून इथेच असलेल्यांना आहे.

ईआरपीत कुठे फसतं

ओईची सूट कागदावर मिळाली तरी ईआरपी दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तिसऱ्या सत्रात ओईचा पेपर आपोआप लावतो. तो हाताने काढावा लागतो. काढला नाही तर परीक्षा अर्जात येतो, हॉल तिकिटावर येतो, आणि निकालात ‘गैरहजर’ म्हणून बॅकलॉग दिसतो. तिच्या परीक्षा अर्जाच्या पहिल्या प्रिंटमध्ये हा पेपर आलाच होता; अर्ज मंजूर होण्याआधी लक्षात आल्यामुळे सूटपत्र जोडून काढता आला. व्हीएससीचंही तसंच.

उलटी अडचण रसायनशास्त्रात. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीला ईआरपी पहिल्या वर्षाचा पेपर जोडू देत नाही, आणि पहिल्या वर्षाच्या शिक्षकांच्या हजेरीपटावर तिचं नाव नसतं. वर्गात रोज बसूनही अंतर्गत १५ गुण भरायच्या वेळी नाव सापडत नाही, आणि नोंदीची मुदत संपली की ते कोरेच राहतात. म्हणून रसायनशास्त्र विभागाला तिचं नाव, पीआरएन आणि पेपर कोड लेखी कळवून पोच घेतली. चौथ्या सत्रात इंग्रजी विभागाकडेही हेच करायचं आहे.

जे अजून उरलं आहे

तिसऱ्या विषयाच्या ८ क्रेडिटपैकी ४ मेजरच्या जास्तीच्या क्रेडिटमधून धरावेत, असा प्रस्ताव समितीने विद्यापीठाकडे पाठवला आणि तो मान्य झाला. उरलेले ४ ‘स्वयं’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरून प्राणिशास्त्राचे दोन कोर्स करून भरायचे. आठ आठवड्यांचा कोर्स २ क्रेडिटचा धरला जातो. एक पाचव्या सत्रात, एक सहाव्यात. म्हणजे ती दोन्ही सत्रं २४-२४ ची होणार, आणि तेवढी परवानगी लेखी घेतलेली आहे. स्वयंमधून एका सत्रात ४० टक्क्यांपर्यंत कोर्स घेता येतात, त्यामुळे मर्यादेचा प्रश्न नाही. मात्र कोर्सची यादी सत्र उघडल्यावरच कळते आणि कॉलेजची मान्यता नोंदणीच्या आधी लागते, नंतर नाही. ‘स्वयं’वर एनपीटीईएल या आयआयटींच्या उपक्रमाचा कोर्स असेल तर असाइनमेंटमध्ये २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३० असे दोन्हीकडे वेगवेगळे मिळवावे लागतात. एकात भरपूर आणि दुसऱ्यात कमी असं चालत नाही. प्राणिशास्त्र विभागाने कोर्सचा सिलॅबस बघून लेखी होकार दिला, की त्याची एक प्रत परीक्षा विभागाला आणि एक तिच्या फाइलमध्ये, सूटपत्राला जोडून ठेवायची.